यंत्र भंगारात द्या, कॅसेट देऊ नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपतीची चवथ जवळ आली की आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा तालुक्यात, घरं झाडून निघतात. माळे उतरवले जातात, पेट्यांची झाकणं उघडतात आणि दारात भंगारवाल्याची रिक्षा येऊन उभी राहते. गेल्या वर्षी वाड्यावरच्या एका घरातून असंच सामान निघालं: बंद पडलेला मिक्सर, गंजलेला पंखा आणि त्या दोघांच्या मध्ये एक काळा चपटा कीबोर्ड, कोपऱ्यावर चार रंगांची तिरकी पट्टी. मी लांबूनच ओळखला. रस्ता ओलांडून जाईपर्यंत भंगारवाल्याने तो तराजूत टाकला होता. बरोबर चपलांचं एक खोकं होतं, त्यात दहाबारा कॅसेट. कॅसेटना भाव नाही म्हणून त्याने त्या गडग्याशी ओतल्या. मी वेचायला वाकले, पण वरून पाऊस सुरू झाला होता आणि बहुतेकींची फीत बाहेर लोंबत होती. त्या घरच्या माणसांना मी बोल लावत नाही. त्यात काय आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे पत्र, आणि ते यंदाच्या चवथीआधी छापलंत तर बरं होईल.

तो कीबोर्ड म्हणजे झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस हा अख्खा संगणक. इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीचा मूळ स्पेक्ट्रम 1982 च्या एप्रिलमध्ये निघाला, रबराच्या बटणांचा. 1984 साली त्यालाच टणक बटणं आणि कडेला रिसेटचा खटका देऊन प्लस केला. आतलं यंत्र तेच, 48 किलोबाइटचं. आज फोनवर येणारा सकाळचा एक शुभेच्छेचा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. आपल्याकडे पुढे डीबी स्पेक्ट्रम या नावाने परवान्यावर बनवलेलं यंत्रही विकलं जायचं. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या क्लास योजनेतून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले. आमची शाळा त्या निवडीत नव्हती. आमच्या घरी स्पेक्ट्रम आला तो मस्कतहून. काका 1986 च्या मे महिन्यात रजेवर आले, मुंबईला उतरून रात्रीच्या बसने, मांडीवर खोकं घेऊन. मी तेव्हा तेरा वर्षांची होते.

बाबांचं फोंड्याला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ते नसते तर ते खोकं शोकेसमध्येच राहिलं असतं, कारण यंत्र आमच्या टीव्हीला लागेचना. स्पेक्ट्रमचं चित्र यूएचएफच्या, म्हणजे टीव्हीच्या वरच्या लहरींच्या पट्ट्यातल्या, 36 व्या चॅनेलवर यायचं, आणि आमच्या कृष्णधवल सेटला यूएचएफ नव्हतंच. काका हिरमुसले. बाबांनी दुसऱ्या दिवशी दुकानातून परत येताना सोल्डरिंग आयर्न आणलं, कीबोर्ड उलटा करून उघडला आणि आतल्या मॉड्युलेटरच्या, म्हणजे चित्र त्या चॅनेलवर चढवणाऱ्या, डबीत जाण्याआधीचा चित्राचा सिग्नल एका वायरने बाहेर काढला. टीव्हीतही त्याच जागी वायर जोडायची होती. त्या काळच्या सेटचा चासिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, सरळ मेन्सवर असायचा, हात लागला तर जीव जायचा. म्हणून बाबांनी आधी टीव्हीला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावला, आम्हा दोघा भावंडांना पलंगावर पाय वर घेऊन बसवलं आणि मगच डाख दिला. पडद्यावर खाली एक ओळ उमटली: 1982, सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. आई पीठ मळत होती, तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली.

या यंत्राला हार्ड डिस्क नव्हती, फ्लॉपी नव्हती. वीज गेली की सगळं पुसलं जायचं. आणि पावसाळ्यात म्हार्दोळला वीज किती वेळा जायची ते जुन्या माणसांना विचारा. काकांनी पाठवलेल्या मासिकातला प्रोग्रॅम बघून बघून दोन तास टाइप करावा, शेवटच्या पाच ओळी राहाव्यात आणि दिवा मिणमिणून जावा. मी एकदा त्यावर रडलेही. त्यानंतर दर वीस ओळींनी सेव्ह करायची शिस्त लागली, आणि सेव्ह केल्यावर व्हेरिफाय, म्हणजे नीट उतरलं का ते ताडून बघणं.

सेव्ह व्हायचं ते साध्या कॅसेटवर. संगणक आपली माहिती आवाजात बदलून टेपरेकॉर्डरला द्यायचा. आधी पाचेक सेकंद एकसुरी लांब शिट्टी, मग चरचर. ती चरचर म्हणजेच प्रोग्रॅम. शून्याचा ठोका आखूड, एकाचा त्याच्या दुप्पट लांब, असे सेकंदाला साधारण दीड हजार. पूर्ण 48 किलोबाइट भरायला पाच मिनिटं लागत. परत घेताना पडद्याच्या कडेला पट्ट्या नाचायच्या, शिट्टीच्या वेळी रुंद, चरचरीच्या वेळी बारीक. शेजारची आजी पहिल्यांदा तो आवाज ऐकून धावत आली, "आगो बाय, रेडिओ मोडला काय कितें?"

आमच्या सेटवर त्या पट्ट्या करड्या दिसत. त्या तशाच असतात असंच मला वाटत होतं. दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी यंत्र पिशवीत घालून मडगावला मावशीकडे नेलं. तिच्या शेजारी एका तारवटीचं घर होतं, त्याच्याकडे जहाजावरून आणलेला रंगीत टीव्ही, आणि त्या सेटला यूएचएफ होतं. शिट्टी सुरू झाली आणि कडा तांबड्या आणि आकाशी झाल्या. चरचर सुरू झाली तशा निळ्या आणि पिवळ्या. पाच महिने मी जे यंत्र रोज हाताळत होते ते रंगीत होतं हे मला त्या ओसरीवर कळलं. त्या घरच्या बाईने आमच्यापुढे दोदोलची बशी ठेवली होती, तिला कुणी हात लावला नाही.

लोड होताना अधूनमधून 'टेप लोडिंग एरर' यायची. कारण बहुधा एकच, टेपरेकॉर्डरचं फीत वाचणारं हेड किंचित तिरकं झालेलं. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो पाव फेऱ्याने इकडे तिकडे केला की वरचे सूर उजळतात. बाबा तो कानाने लावायचे. आकाशवाणी पणजीवरून ध्वनिमुद्रित केलेलं अभिषेकीबुवांचं गाणं आधी लावायचं आणि तंबोऱ्याची जवारी लख्ख ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. जवारी मिळाली की कॅसेट उलटी करायची, दुसऱ्या बाजूला आमचा प्रोग्रॅम. मंगेशी आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, बुवा तिथलेच, त्यामुळे बाबांना हे अगदी स्वाभाविक वाटे. पुस्तकात या दुरुस्तीसाठी काय लिहिलं होतं ते मी कधी वाचलं नाही.

मी मराठी माध्यमातली. त्या कीबोर्डवर एकेका बटणाला अख्खा इंग्रजी शब्द होता. पी दाबला की प्रिंट, जे दाबला की लोड. पडद्यासाठी तीन आज्ञा होत्या, इंक, पेपर, बॉर्डर. आईने अर्थ विचारला, मी सांगितला. ती त्यांना शाई, कागद आणि काठ म्हणायची, आणि काठ कुठला शोभेल तेही सांगायची. प्रोग्रॅम चालवताना एखाद्या ओळीत चूक सापडली की कधी कधी यंत्र 'नॉन्सेन्स इन बेसिक' असं लिहायचं. मी बाबांना नॉन्सेन्सचा अर्थ विचारला तेव्हा ते म्हणाले, "तुका न्हय गो बाय, ओळीक."

आता ज्यासाठी हे सगळं सांगते आहे तो भाग.

स्पेक्ट्रमला देवनागरी येत नव्हती. पण त्यात एकवीस अक्षरं स्वतः घडवण्याची सोय होती. आठ बाय आठचे चौकोन, भरलेला म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य, प्रत्येक आडव्या रांगेचा एक आकडा. शाळेच्या गणिताच्या वहीत चौकोन असतातच. मी वर दोन रांगा वेलांटी-मात्रांसाठी मोकळ्या ठेवल्या आणि तिसरी रांग पूर्ण भरली. आठही चौकोन भरले की आकडा येतो 255. ही शिरोरेषा. ग चे आकडे मला आजही पाठ आहेत: 0, 0, 255, 34, 34, 98, 2, 2. अक्षरं शेजारी शेजारी छापली आणि शिरोरेषा आपोआप एकमेकींना जुळून पडद्यावर सलग रेघ आली. ते बघून मी बाबांना दुकानातून बोलवायला निघाले होते, आईने थांबवलं. उकार खालच्या ओळीतल्या चौकोनात द्यावे लागत. ऱ्य सारख्या जोडाक्षराला अख्खा एक चौकोन खर्चावा लागे. एकवीस अक्षरं कुठे पुरणार? काकांच्या मासिकात उत्तर सापडलं. 23675 या क्रमांकाच्या जागेपासून संगणक स्वतःसाठी लिहून ठेवतो की घडवलेली अक्षरं कुठे आहेत. तिथले दोन आकडे बदलले की एकवीस अक्षरांचा दुसरा संच पुढे येतो, आणि आधी छापलेलं पडद्यावर तसंच राहतं. मी तीन संच केले.

हे 1987 साल. त्याच वर्षी 4 फेब्रुवारीला राजभाषा कायदा संमत झाला आणि 30 मे रोजी गोवा घटक राज्य झालं. आधीची दोन वर्षं घराघरात कोकणी की मराठी यावरून काय बोललं गेलं ते तुमच्या वाचकांना सांगायला नको. आमच्याच घरात बाबा एका बाजूचे होते आणि आईचे भाऊ दुसऱ्या. माझ्या वहीतली अक्षरं मात्र दोन्ही भाषांना चालत होती. ण, ळ आणि तो 255 चा आकडा दोघींचा एकच. मला तेव्हा याचं फार बरं वाटलं होतं, आणि अजून वाटतं. पुढे 1988 साली पुण्याला सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था सुरू झाली, संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डामुळे कचेऱ्यांतल्या संगणकांवर नीट देवनागरी आली. माझ्या अक्षरांचं काम संपलं. पण 1987 च्या उन्हाळ्यात त्या अक्षरांत एक गोष्ट लिहून झाली होती.

माटोळीची यादी. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गणपतीच्या वर आम्ही लाकडी चौकट टांगतो आणि तिला रानातली फळं-फुलं बांधतो. तोरिंग, कांगलां, घागऱ्यो, कवंडळां, नागुलकुडो, आंबाडे, सुपारीचं शिपटं. बाजारात आज सगळं जुडीने मिळतं. तेव्हा आमच्याकडे अर्ध्याहून जास्त रानातून यायचं, आणि कुठलं फळ कुठल्या डोंगरावर, कुठल्या कुळागराच्या मागे, कुणाला विचारून काढायचं, हे आजीला ठाऊक होतं. आजीची नजर कमी होत चालली होती. तिने सांगावं, आईने चुलीपाशी बसून ते पुन्हा विचारून पक्कं करावं, मी टाइप करावं, असे आठ दिवस गेले. रविवारी सकाळी टीव्हीची वायर काढून ठेवावी लागे, कारण रामायण बघायला अर्धा वाडा आमच्याकडे यायचा. त्यातल्या बायाही मग आजीच्या शेजारी बसून दोन नावं सांगून जात. चौतीस वस्तू झाल्या. प्रत्येकीपुढे जागा. प्रोग्रॅमचं नाव रोमी अक्षरांत माटोळी, लोड व्हायला पाऊण मिनिट.

त्यानंतर शिक्षण, नोकरी, लग्न. घरी दुसरा संगणक आला, तिसरा आला. पर्रीकरांच्या सरकारने सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना संगणक दिले तेव्हा मी वर्गात गणित शिकवत होते आणि मुलांच्या घरी जाऊन ते जोडून देत होते. स्पेक्ट्रम माळ्यावर गेला. 2021 च्या 16 सप्टेंबरला सर क्लाइव्ह सिंक्लेअर वारले. चवथीचेच दिवस होते. मी माटोळीकडे बघत बातमी वाचली आणि आमच्या यादीची आठवण झाली. आजी आणि बाबा तोवर गेले होते. आईला विचारलं, तिला चौदा-पंधरा जागा आठवल्या, त्याही चाचरत.

यंत्र चालू झालं नाही. आतले कॅपॅसिटर गेले होते, कीबोर्डचा आतला पातळ पडदा चिरला होता. पण यंत्राची मला काळजी नव्हती. स्पेक्ट्रम जगात पन्नास लाखांवर विकले गेले. त्याची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम आज कुठल्याही संगणकावर चालतात, त्याचे हजारो खेळ लोकांनी जपून ठेवले आहेत. इंग्लंडमध्ये विकलेला खेळ हरवणार नाही. म्हार्दोळच्या एका स्वयंपाकघरात सांगितलेली यादी मात्र जगात एकाच जागी होती, आणि ती जागा म्हणजे बुरशी धरलेली नव्वद मिनिटांची एक कॅसेट.

ती कशी वाचवली ते सविस्तर लिहिते, कुणाच्या उपयोगी पडेल. बुरशीची कॅसेट लगेच वाजवायची नाही. आमच्या हवेत ती फितीच्या कडांवर पांढरी धरते, आणि तशीच फिरवली तर फीत चिकटून तुटते, हेडही खराब होतं. मी ती घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन आठवडे ठेवली. मग कवच उघडून मऊ कोरड्या फडक्याने फितीच्या कडा पुसल्या, पेन्सिलीने सावकाश एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे गुंडाळली. पुसताना नाकातोंडाला फडकं बांधावं. ज्या टेपरेकॉर्डरवर वाजवायची त्याचं हेड आधी स्पिरिटने साफ. भाच्याने टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या जागेतून संगणकाला वायर जोडली आणि आवाज वेव्ह फाइलमध्ये घेतला, दाबून लहान न करता. पहिल्या तीन खेपा वाया गेल्या. आवाज दबका येत होता, ठोके वेगळे होईनात. तेव्हा मी कॅसेट उलटी केली. दुसऱ्या बाजूला बुवा होते. स्क्रू घेतला आणि जवारी लागेपर्यंत फिरवला. हे काम मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने करत होते, आजवर ते बाबांचं होतं. पुन्हा उलटी केली. शिट्टीच्या आधी बाबांचा आवाज आला, "चवथीची यादी, दुसरी प्रत, काउंटर एकशें वीस." मागे कौलांवर पाऊस वाजत होता. मग वायर खोचल्याचा खट्ट, आणि शिट्टी. भाच्याने फाइल स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घातली. करड्या नव्हे, तांबड्या-आकाशी पट्ट्या आल्या, आणि शिरोरेषा सलग होती.

चौतीसपैकी सात जागा आज राहिलेल्या नाहीत. तिथला डोंगर कापला आहे किंवा कुंपण आहे. यादीत त्या अजून आहेत, कुठल्या वाटेने जायचं त्यासकट. रानातल्या झाडांचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीला मी ती दाखवली, तिने प्रत मागून नेली.

गोव्यात असं हे एकच घर असेल असं मी मानत नाही. 1982 ते 1992 या दहा वर्षांत आखाती देशांतून, जहाजांवरून बार्देश-सासष्टीत, आमच्या अंत्रुजात अशी यंत्रं आली. मुलं शिकली, परदेशी गेली. त्यांच्या खोक्यांतल्या कॅसेटवर खेळ असतील तेवढेच असं समजू नका. कुणी कुळागराचा हिशेब लिहिला असेल, कुणी क्लबाच्या फुटबॉल सामन्यांचे निकाल, कुणी तियात्राच्या फेरीचा खर्च. त्याच्या बरोबर एखादी चौकोनी वही असेल. वही आणि कॅसेट एकत्र ठेवा, वहीवरून कॅसेट कळते. यंत्र बंदच असेल तर खुशाल ई-कचऱ्यात द्या. वही आणि कॅसेट देऊ नका.

माझी दोन संस्थांना विनंती आहे. मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्रात मुलांना हात लावून विज्ञान शिकवतात. तिथे एक चालू टेपरेकॉर्डर, एक संगणक आणि आठवड्यातला एक दिवस एवढं मिळालं तर लोक कॅसेट घेऊन येतील आणि तिथेच त्यांची फाइल करून घेतील. मी आणि माझ्यासारखे दोघे-तिघे विनामोबदला बसायला तयार आहोत. आणि पाटोचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय 1832 पासून या भूमीचा छापील कागद सांभाळत आलं आहे. त्यांनी या फाइली आणि वह्यांच्या प्रती स्वीकाराव्यात. एका शेल्फाचीही गरज नाही. गोव्यातल्या सगळ्या घरांच्या कॅसेट मिळून एका पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतील.

आमच्या यादीत एक जागा अजून लागलेली नाही. सव्विसाव्या ओळीत नागुलकुड्यापुढे लिहिलं आहे, "व्हडल्या आंब्याकडलो व्हाळ, पलतडीक", म्हणजे मोठ्या आंब्याजवळचा ओढा, पलीकडच्या काठाला. आईला तो आठवत नाही. प्रियोळ, वेलिंग, कुंकळ्ये या बाजूला मी तीन रविवार विचारत फिरले. हा व्हाळ कुणा जाणत्या माणसाला ठाऊक असेल तर त्यांनी आपल्या वर्तमानपत्राच्या पत्त्यावर दोन ओळी कळवाव्यात. चवथीआधी कळलं तर मी तिथे जाऊन येईन.

आपली नम्र,
एक गणित शिक्षिका
म्हार्दोळ, फोंडा